मास्तर गातात तेव्हा

पाश्चात्त्य विद्यापीठांच्या संगीत विभागांत एक जुना रिवाज आहे. तिथले प्राध्यापक दरवर्षी एकदोनदा तरी आपल्याच विद्यार्थ्यांसमोर वाजवायला किंवा गायला बसतात. याला ते ‘फॅकल्टी रिसायटल’ म्हणतात. सभागृह लहान, तिकीट बहुतेक वेळा नसतेच, आणि पुढच्या रांगांत जे बसलेले असतात त्यांना आदल्या दिवशीच सरांनी त्याच चुकीवरून झापलेले असते! अमेरिकेत तर प्राध्यापकाच्या बढतीसाठी अशी वादने संशोधन निबंधाच्या बरोबरीने मोजली जातात.

याच रिवाजाची सख्खी बहीण म्हणजे ‘चेंबर म्युझिक’. चेंबर म्हणजे खोली. खोलीत बसून, मोजक्या माणसांनी, मोजक्या माणसांसाठी केलेले संगीत. पोर्तुगीज भाषेत याला ‘म्युझिका द कामरा’ म्हणतात. आणि आपण मराठी-हिंदीत खोलीला जो ‘कमरा’ म्हणतो तो याच कामराचा भाऊ. पोर्तुगिजांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, चावी दिली तसा हा कमराही दिला. कमरा घेतला, पण कमऱ्यातल्या संगीताला आपण नवे नाव दिले नाही, कारण आपल्याकडे त्याला आधीपासूनच बैठक, मैफल ही नावे होती.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाची एक गोष्ट मला फार आवडते. बेल्जियमचा ‘प्रो आर्ते’ नावाचा चार वादकांचा नामांकित संच मे १९४० मध्ये तिथल्या मॅडिसन शहरी बीथोव्हनच्या रचना वाजवत होता. दौरा चालू असतानाच हिटलरच्या फौजा बेल्जियममध्ये शिरल्या. घरी परतायची वाट बंद. विद्यापीठाने त्यांना तिथेच ठेवून घेतले, पगार दिला, राहायला जागा दिली. काम एकच, वाजवा आणि शिकवा. अमेरिकन विद्यापीठाने वादकांचा अख्खा संच पदरी बाळगण्याची ही सुरुवात मानतात. माणसे बदलत गेली, पण तो संच त्या विद्यापीठाच्या आश्रयाने पुढे अनेक दशके वाजत राहिला. पदरी बाळगणे हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण आपल्याकडे हे काम संस्थानिक करीत आणि त्यांच्याकडूनच ते विद्यापीठांकडे आले.

मात्र आपल्याकडे येताना वाटेत काहीतरी बदलले. ‘मास्तर गाणं शिकवतात, गवई गाणं गातात’ अशी एक फाळणी आपल्या बोलण्यात रुजली. एखाद्याच्या गाण्याला ‘मास्तरी गाणं’ म्हटले की ते कौतुक नसते हे तुम्हांआम्हांला सांगायला नको. ‘संगीताच्या कॉलेजांनी किती गवई दिले?’ हा टोमणा तर शंभर वर्षांचा आहे. हा टोमणा कुठून आला, आणि तो कितपत खरा आहे, हे पाहायचे तर बडोद्याला जावे लागते.

*

मालेगावजवळच्या कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ मध्ये दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला आणि १८८१ मध्ये त्याच्या हाती कारभार आला. हे सयाजीराव गायकवाड. त्यांच्या दरबारात मौलाबक्ष नावाचे गवई होते. मौलाबक्ष मूळचे उत्तरेचे, पण मैसूरला राहून कर्नाटक संगीत शिकलेले. दोन्ही पद्धती येतात म्हटल्यावर त्यांना संगीताकडे थोडे उंचावरून बघता येत असावे. आपण गातो ते कागदावर उतरवता येईल, आणि उतरवले तर ते वर्गात शिकवता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बनवली. सयाजीरावांनी त्यांना शाळा काढून दिली. वर्ष १८८६. नाव साधेच, गायनशाळा. सुरसागर तलावाच्या काठावर आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, तिचे मूळ या गायनशाळेत आहे. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि गायनशाळेची परंपरा विद्यापीठात गेली.

भातखंडे आणि विष्णु दिगंबर या दोघांच्याही आधी हे घडले आहे याची नोंद आपण नीट घेत नाही. विष्णु दिगंबरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ साली. मौलाबक्ष त्याआधीच, १८९६ मध्ये वारले होते.

गंमत अशी की गायनशाळा आणि दरबार ही दोन स्वतंत्र जगे होती. दरबारी गायक-वादक, नर्तकी, कीर्तनकार, तमासगीर या सगळ्यांचे एक वेगळे खाते होते. कलावंत खाते. सयाजीरावांचा स्वभाव शिस्तीचा, त्यामुळे या खात्यालाही हजेरी, रजा, दंड असे कागदी नियम लागू झाले. कुणी कधी गायचे, किती वेळ गायचे हे कचेरीतून ठरायचे. एका बाजूला खाँसाहेबांना कारकुनाच्या रजिस्टरात बसवले जात होते, आणि दुसऱ्या बाजूला त्याच गावात, त्याच राज्याच्या पैशाने, कारकुनाच्या मुलाला सा रे ग म शिकवले जात होते. या दोन जगांची गाठ पडायची ती मौलाबक्षांसारख्या माणसात. ते गवईही होते आणि मास्तरही.

त्यांच्या घराने ही गाठ काही काळ टिकवली. मुलगा अल्लाउद्दीन खाँ (मैहरचे बाबा नव्हेत, हे पठाण) लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आला. नातू इनायत खाँ, जन्म १८८२, याच गायनशाळेत शिकला आणि तरुणपणीच तिथे शिकवू लागला. १९१० च्या सप्टेंबरात भाऊ आणि नात्यातल्या भावाला घेऊन तो अमेरिकेला निघाला. वीणा आणि गाणे घेऊन. पुढे पश्चिमेत सूफी संत म्हणून त्याची कीर्ती झाली आणि गाणे त्याने जवळजवळ सोडलेच. बडोद्याच्या संगीतशाळेचा एक मास्तर युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांत बसून हिंदुस्थानी संगीत ऐकवत होता, आणि तेव्हा रविशंकरांचा जन्मही झालेला नव्हता. संस्थेच्या शिक्षकाने केलेली ही बहुधा सर्वांत लांबची मैफल!

आता दुसरी बाजू. भास्करबुवा बखले बडोदा संस्थानातल्याच कठोर गावचे. त्यांना गाणे शिकायचे होते. बडोद्यात ते आधी विष्णुबुवा पिंगळे या कीर्तनकारांकडे शिकले, नाटक कंपनीत गेले, आणि मग खरी विद्या मिळवली ती फैजमहंमद खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करून, त्यांची सेवा करून. पुढे नत्थन खाँ, मग अल्लादिया खाँ. तीन उस्ताद आणि कैक वर्षांची पायपीट. गाव तेच, पण वाट जुनीच. हेच भास्करबुवा पुढे धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवायच्या नोकरीत होते, म्हणजे संस्थेबाहेर घडलेला गवई संस्थेत मास्तर झाला. हा प्रवास ध्यानात ठेवावा, कारण पुढची कित्येक वर्षे आपली संगीत महाविद्यालये अशाच माणसांच्या जिवावर चालली. घडले उस्तादाच्या घरी, पगार कॉलेजचा.

*

मार्च १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सयाजीरावांचा आश्रय आणि भातखंड्यांची आखणी. श्रुती बावीस की किती, त्या हार्मोनियमवर वाजतात की नाही, यावर देवल आणि क्लेमेंट्स यांनी बनवलेल्या श्रुती-हार्मोनियमवरून बरीच खडाजंगी झाली. भातखंडे वकील. त्यांना पुरावा लागे. एखादा राग अमुक प्रकारे आहे असे कोणी म्हणाले की ते म्हणत, गाऊन दाखवा. विद्वान बोलणार, गवई गाणार, आणि दोघांचे जुळते का ते सगळे बसून ऐकणार. आपल्याकडे ज्याला नंतर ‘सप्रयोग व्याख्यान’ म्हणू लागले त्याचे बीज मला या परिषदांत दिसते. माझ्या मते हाच आपल्या विद्यापीठांचा खरा फॅकल्टी रिसायटल.

त्या परिषदेनंतर भातखंड्यांनी एक गोष्ट केली ती त्यांच्या सगळ्या ग्रंथांइतकी मोलाची. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर नावाचा त्यांचा एक तरुण शिष्य होता. पुस्तकी विद्या त्याला भातखंड्यांकडून मिळतच होती. त्याला त्यांनी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून देऊन फैयाज खाँसाहेबांकडे शिकायला पाठवले. फैयाज खाँ आग्र्याचे, बडोद्याचे दरबारी गायक, मैफलीचा बादशहा. शास्त्राच्या चर्चेपेक्षा त्यांना पहिल्या ‘नोम्-तोम्’नेच सभा जिंकणे माहीत. घराण्यांवर, उस्तादांच्या लपवाछपवीवर आयुष्यभर टीका करणाऱ्या माणसाने आपला सर्वांत लाडका शिष्य उस्तादाच्याच पायाशी नेऊन बसवला. भातखंड्यांना नुसते ग्रंथपंडित समजणाऱ्यांनी यावर विचार करावा. वर्गात गाणे तयार होत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

दरम्यान ग्वाल्हेरला १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या सल्ल्याने माधव संगीत महाविद्यालय काढले. तिथल्या शिक्षकांना भातखंड्यांनी आधी स्वतः स्वरलिपी शिकवली. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे त्यांनी वहीपेन्सिल घेऊन वकिलासमोर बसायचे! राजाभैया पूछवाले बसले. शंकर पंडितांसारख्या गुरूचे शिष्य, जुन्या चिजांचे भांडार, आणि तरीही बसले, आणि पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव पंडित मात्र बसले नाहीत. त्यांची स्वतःची संगीतशाळा गावात होतीच. दोघेही मराठी, दोघेही ग्वाल्हेरचे, एकाच गुरुघरचे, आणि दोन वाटा. लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत या दोन पक्षांचे वाद पुष्कळ दिवस चालले असतील तर नवल नाही.

*

पण या कथेचा गाभा लखनौला आहे. १९२६ मध्ये तिथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. राय उमानाथ बली आणि त्या प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचा पुढाकार, गव्हर्नर मॅरिसचे नाव, आणि भातखंड्यांचा अभ्यासक्रम. १९२८ मध्ये रातंजनकर तिथे प्राचार्य झाले. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. वयाची तिशीही नव्हती. पुढची जवळजवळ तीन दशके त्यांनी तिथे काढली.

त्या कॉलेजच्या शिक्षकांची नावे ऐकली तरी बैठक डोळ्यांपुढे उभी राहते. तबल्याला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ. पखवाजाला सखारामजी. व्हायोलिनला व्ही. जी. जोग, वाईचे मराठी गृहस्थ, आधी तिथले विद्यार्थी आणि मग शिक्षक. आणि गाण्याला स्वतः अण्णासाहेब. अशी माणसे एका छपराखाली पगारावर असली की मैफल जमवायला बाहेरून कुणाला बोलवावे लागत नाही. कोठ्यावर, दरबारात, जिथे तिथे गवयाच्या मागे बसून बिदागीत दुय्यम वाटा घेणारा तबलजी इथे वर्गाचा अधिकारी शिक्षक होता. त्याच्या विषयाची परीक्षा होती. विद्यार्थी त्याला वाकून नमस्कार करीत. साथीच्या कलावंताला आपल्या समाजात जी थोडीफार प्रतिष्ठा आली तिचे श्रेय रेडिओला आणि मोठ्या तबलावादकांना द्यावे तसे या पगारपत्रकालाही द्यायला हवे. हे फारसे कोणी म्हणत नाही.

इथे आपल्या शेजारच्या मुलखातला एक मुलगा येतो. बेळगाव जिल्ह्यातले बैलहोंगल. तिथल्या गिंडे कुटुंबातला कृष्ण, जन्म १९२५. अकराव्या वर्षी त्याला लखनौला अण्णासाहेबांकडे पाठवले गेले. कुठे बैलहोंगल, कुठे लखनौ! भाषा वेगळी, थंडी वेगळी, जेवण वेगळे. तो अण्णासाहेबांच्या घरीच राहिला. दिवसा कॉलेज, आणि आधी-नंतर गुरुगृह. भटकळजवळच्या शिराळीचे एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी हे त्याच छपराखालचे. कारवार-कानडा-बेळगाव पट्ट्यातली ही सारस्वत मुले लखनौच्या कॉलेजात घडली. म्हणजे कॉलेज गवई घडवत नाही हा टोमणा इथे खोटा ठरतो. पण पुरता खोटा ठरतो का? ती घडली कारण प्राचार्यांनी कॉलेजच्या पोटात एक गुरुकुल चालवले होते. नुसते वर्गाचे तास घेऊन घरी जाणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

अण्णासाहेबांच्या स्वतःच्या गाण्याबद्दल दोन मते होती आणि आहेत. त्यांनी शेकडो बंदिशी बांधल्या. ‘सुजान’ हे त्यांचे टोपणनाव. केदारबहार, रजनीकल्याण, सालगवराळी असे नवे राग त्यांनी रचले. रागाची बढत ते ज्या हिशेबीपणाने करीत, एकेका स्वराचे स्थान ज्या खात्रीने दाखवीत, त्यावर जाणकार फिदा असत. पण आवाज फैयाज खाँसाहेबांसारखा नव्हता, आणि मोठ्या सभागृहात टाळ्या ओढण्याचा स्वभावही नव्हता. चाळीसपन्नास जाणकारांच्या खोलीत जे गाणे खुलायचे ते हजार माणसांच्या मांडवात कोरडे वाटायचे. म्हणून ते ‘मास्तरी’. मला हा न्याय पटत नाही. बीथोव्हनच्या शेवटच्या चौकडी-रचना फुटबॉलच्या मैदानावर ऐकून त्या नीरस आहेत असे कोणी म्हणाले तर आपण हसू. काही गाणे खोलीसाठीच असते. आपल्या संगीताचे दुर्दैव असे की विसाव्या शतकात ध्वनिक्षेपक आला, परिषदा आल्या, मांडव मोठे होत गेले, आणि गवयाचे माप मांडवावरून ठरू लागले. खोली आकसत गेली. ती उरली फक्त दोन ठिकाणी, एक रसिकाच्या घरात आणि दुसरी संगीत विद्यालयात.

१९५० च्या दशकात हा मास्तर-गवई वाद वर्तमानपत्रांत पोचला. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले (हार्मोनियम आणि सिनेगीतांवरचा त्यांचा राग प्रसिद्धच आहे) आणि आकाशवाणीवर गाणाऱ्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. परीक्षक मंडळाचे मुख्य अण्णासाहेब. वर्षानुवर्षे मैफली गाजवलेल्या कलावंतांना रागाची माहिती विचारली जाणार म्हणताच मुंबईच्या कलाकारांनी निषेध केला. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. प्रश्नोत्तरांनी गाणे मोजता येत नाही. आणि ज्यांनी वंशपरंपरेने ऐकून विद्या मिळवली त्यांना वादी-संवादी विचारणे हा अपमानही होता. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर सरकारी पैशाने गाणाऱ्यांची निवड कोणत्यातरी कसोटीवर व्हायलाच हवी होती, आणि कसोटी लावणारा माणूस स्वतः गाणारा होता. फैयाज खाँचा गंडाबंध शिष्य होता. तेवढे तरी त्याच्या विरोधकांनी मान्य करायला हवे होते.

याच काळात काशीला नेमके उलटे चित्र होते. १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालय निघाले आणि प्राचार्य म्हणून आले पंडित ओंकारनाथ ठाकूर. विष्णु दिगंबरांचे शिष्य, आणि मांडवाचे राजे. मोठा आवाज, नाट्यमय स्वरोच्चार, हातवारे. त्यांना कोणी मास्तर म्हणण्याची छाती केली नसती. त्यांच्या हाताखाली प्रेमलता शर्मा शास्त्रात तयार झाल्या आणि एन. राजम् यांनी त्यांची गायकी व्हायोलिनवर आणली. राजम्‌बाई १९५९ पासून सुमारे चाळीस वर्षे तिथे शिकवत होत्या आणि त्याच वेळी देशविदेशांत वाजवत होत्या. मास्तर आणि कलावंत यांच्यात भिंत नाही हे दाखवायला तेवढे एक उदाहरण पुरे.

*

आता आपल्या गोव्याकडे वळू.

गोव्यात संगीताच्या शाळा बडोद्याच्या कितीतरी आधी होत्या, पण त्या चर्चच्या आवारात. पॅरिश शाळेतला ‘मेस्त’ मुलांना सोल्फेज शिकवी, व्हायोलिन शिकवी, आणि रविवारी त्याच मुलांना घेऊन मिस्सेला उभा राही. गावच्या फेस्ताला वाजवी. म्हणजे शिकवणाऱ्याने दर आठवड्याला गावासमोर गाऊन-वाजवून दाखवायचेच. फॅकल्टी रिसायटल दर रविवारी, आणि श्रोत्यांत खुद्द पाद्रीबाब! माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच चर्चमधल्या संगीतशिक्षकाचे चिरंजीव. त्यांच्याकडे मुंबईत प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९५२ मध्ये लोटलीचे मायेस्त्रो आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजीत ‘आकादेमिया द म्युझिका’ सुरू केली. ते स्वतः व्हायोलिनवादक, युरोपात शिकून आलेले. मुक्तीनंतर ती संस्था कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात विलीन झाली.

हिंदुस्थानी संगीताला मात्र पोर्तुगीज आमदानीत असे छप्पर नव्हते. ते देवळांत होते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, फातर्पे, आणि देवळांच्या सेवेला बांधलेल्या कलावंत घरांत. आणि इथे मला या सगळ्या गौरवशाली इतिहासाबद्दल एक तक्रार करायची आहे.

गायनशाळा, गांधर्व महाविद्यालय, मॅरिस कॉलेज या सगळ्यांचे ध्येय एकच होते. संगीत ‘घरंदाज’ मुलामुलींना शिकता यावे. ते गैर नव्हते. पण घरंदाज करायचे म्हणजे ज्यांच्या घरात ते होते त्यांना दूर ठेवायचे, असा त्याचा न बोललेला अर्थ झाला. भातखंडे परिषदा भरवत होते त्याच वर्षांत केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, आणि त्यांच्याआधी माल्प्याच्या अंजनीबाई ही नावे घडत होती वा घडलेली होती. विद्येत त्या कोणत्याही कॉलेजच्या प्राध्यापकाला ऐकणाऱ्या नव्हत्या. अंजनीबाईंकडे कुमार गंधर्वांनी आणि किशोरीताईंनी जाऊन शिक्षण घेतले. मोगूबाई म्हणजे माई, मुंबईत एका साध्या घरात शिष्यांना तालीम देत. त्यांची तालीम म्हणजे काय चीज होती हे किशोरीताईंच्या गाण्याने जगाला कळले. केसरबाईंनी तर शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्ण्यांखेरीज कुणाला फारसे जवळ केले नाही, म्हणून त्यांना आढ्यतेखोर म्हणायची फॅशन आहे. पण त्यांना कोणत्या विद्यापीठाने कधी मानाने बोलावून, आवारात घर देऊन, ‘बाई, इथे बसा, हवे तसे शिकवा आणि महिन्यातून एकदा आमच्या मुलांसमोर गा’ असे म्हटले? विस्कॉन्सिनने चार परक्या माणसांना म्हटले. आम्ही आमच्या बायकांना म्हटले नाही.

खाप्रूमामांचेही तसेच. लक्ष्मणराव पर्वतकर, लयभास्कर. दोन हात आणि दोन पाय यांनी वेगवेगळे ताल धरून तोंडाने आणखी वेगळेच बोलायचे, असे त्यांचे लयीवरचे प्रभुत्व. ऐकणाऱ्या मोठमोठ्या तबलियांच्या माना खाली गेल्याच्या कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. ही विद्या मांडवाची नव्हेच. ती दहावीस वाजवणाऱ्यांच्या खोलीची. समोर बसून, हिशेब मांडत, ‘परत दाखवा मामा’ म्हणत ऐकायची. विद्यापीठाच्या खोलीसाठी यापेक्षा लायक माणूस दुसरा सापडला नसता. १९५३ मध्ये ते गेले आणि त्या गणिताचा मोठा भाग त्यांच्याबरोबर गेला.

शेजारच्या धारवाडाने यातून काहीतरी धडा घेतला असे म्हणावे लागेल. कर्नाटक विद्यापीठाने मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू यांना पदव्यांची भेंडोळी न मागता शिकवायला बोलावले. ज्यांच्या मैफलीचे तिकीट मुंबईत मिळत नसे ती माणसे धारवाडला विद्यार्थ्यांच्या समोर दोन हातांवर बसलेली असत. गंगूबाईंच्या आयुष्याकडे पाहता, ज्या समाजातून त्या आल्या तो पाहता, विद्यापीठात गुरू म्हणून त्यांचे बसणे ही नुसती नेमणूक नव्हती. मुंबई विद्यापीठात अशोक दा. रानडे यांनी दुसरी वाट काढली. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे संगीत केंद्र निघाले तेव्हा ते पहिले संचालक. सप्रयोग व्याख्यान हा प्रकार त्यांनी जवळजवळ कलेच्या पातळीवर नेला. बोलता बोलता गात, गाता गाता थांबत, थांबून विचारत. बैठकीची लावणी, नाट्यसंगीत, कीर्तन, ठुमरी असे सगळे त्या मांडणीत येई. मैफलीला गेलेला माणूस तृप्त होऊन परततो, रानड्यांच्या कार्यक्रमाला गेलेला माणूस अस्वस्थ होऊन परतायचा. दोन्ही हवे.

आपल्याकडे १९७० च्या सुमारास कला अकादमी झाली, कांपालला मांडवीच्या काठी चार्ल्स कोरियांनी बांधलेली वास्तू १९८३ मध्ये खुली झाली. गोवा विद्यापीठ १९८५ चे. कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर हे मोठे सभागृह आहे, सूरश्री केसरबाईंच्या नावाने तिथे महोत्सव होतात, ते व्हायलाच हवेत. पण त्याच वास्तूत ‘ब्लॅक बॉक्स’ नावाची एक लहान जागा आहे. शंभरेक माणसे बसली की भरल्यासारखी वाटणारी. माझ्या मते गोव्याच्या संगीतशिक्षणाला मोठ्या सभागृहापेक्षा या आकाराच्या जागांची गरज जास्त आहे. फोंड्यात, माशेलात, म्हापशात, काणकोणात. आणि तिथे बाहेरचा पाहुणा कलाकार नको. तिथे शिकवणाऱ्या शिक्षकांनीच बसायचे. एकाने गायचे, सहकाऱ्याने पेटी धरायची, दुसऱ्याने तबला. राग असा निवडायचा की जो महोत्सवात कोणी गाणार नाही, आणि बंदिश अशी की जी मुलांना पुढच्या महिन्यात शिकवायची आहे. चुकले तर मुलांसमोर चुकायचे. मास्तर एखाद्या अवघड तिहाईला समेवर येता येता निसटतात आणि हसून पुन्हा घेतात, हे ज्या मुलाने पाहिले त्याला पुस्तकातली तिहाई कायमची कळते.

कायदा याच्या आड येत नाही, निदान कागदावर तरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संगीताच्या प्राध्यापकासाठी नेट-पीएच.डी. खेरीज एक वेगळी वाट ठेवलेली आहे. नामांकित गुरूकडे परंपरेने शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलावंत, आपला विषय तर्काने समजावून सांगू शकणारा आणि उदाहरणे देऊन शास्त्र शिकवू शकणारा माणूस त्या वाटेने येऊ शकतो. वाचायला फार बरे वाटते. भातखंड्यांनी रातंजनकरांना बडोद्याला पाठवताना जे मनात धरले असेल तेच जणू शंभर वर्षांनी राजपत्रात उतरले. फक्त त्याच कलमात त्या कलावंताला किमान पदवी असावी अशीही एक अट आहे, आणि कुर्डीच्या मोगूबाई तेवढ्यावर बाहेर राहिल्या असत्या.